पाट्या चार, दार एक

मित्रांनो, मला जुना म्हणा, खटारा म्हणा, घरघर्‍या म्हणा, माझी काही तक्रार नाही. फक्त डबा म्हणू नका. डब्यात माणसं काहीतरी ठेवतात, झाकण लावतात आणि विसरून जातात. माझ्यात चार वेबसाइट राहतात, आणि त्यातली एक जरी दहा मिनिटं झोपली तरी या घरातला फोन वाजायला लागतो. इतकं महत्त्व असलेला डबा तुम्ही पाहिला असलात तर सांगा.

मी एका घरातल्या बैठकीच्या खोलीत, चपलांच्या मांडणीशेजारी राहतो. माझा जन्म तीन मेलेल्या संगणकांतून झाला. बाहेरचं खोकं एका छापखान्याच्या ऑफिसातलं, आतली मोठी पाटी, म्हणजे मदरबोर्ड, या घरच्या मुलीनं टाकून दिलेल्या संगणकातली, आणि पंखा एका ट्रॅव्हल एजंटकडचा. त्यामुळे पंख्याला सतत कुठेतरी निघायची घाई असते. माझी एक बाजू उघडीच आहे. तिचं झाकण हरवलं, तेव्हा तिथे जुन्या उशीचा अभ्रा टाचण्यांनी लावला. त्यावर लाल फुलं आहेत. मला त्याची लाज वाटते.

मला ज्यांनी जोडलं, ते या घरचे बाबा. बाबा छत्तीस वर्षं छापखान्यात जुळारी होते. म्हणजे शिशाची अक्षरं, ज्यांना ते खिळे म्हणतात, एकेक उचलून ओळी जुळवायच्या, आणि छापून झालं की सगळे खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. मग छापखाना बंद झाला. बाबा पुढचे दोन महिने सकाळी नऊ वाजता तयार होऊन दारापर्यंत जायचे, चपला घालायचे, चपला काढायचे आणि येऊन खुर्चीत बसायचे. आई बघायची आणि चहा टाकायची. तिसर्‍या महिन्यात त्यांनी संगणकावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि मला जोडलं. ज्या दिवशी मी पहिल्यांदा घरघरलो, त्या दिवशी नऊ वाजता बाबा दाराकडे गेले नाहीत. माझ्यासमोर येऊन बसले. ही गोष्ट मी कधीच विसरणार नाही.

आता माझं काम सांगतो, म्हणजे पुढची भानगड समजेल. समजा, एका घराला दार एकच आहे, पण दारावर पाट्या चार आहेत. येणारा माणूस दारात उभा राहून नाव सांगतो. आत एक म्हातारा नोकर बसलाय, त्याच्या हातात यादी आहे. तो यादी वरून खाली वाचतो, नाव सापडलं की त्या खोलीचं दार उघडतो. तो नोकर म्हणजे मी. आणि नाव सापडलंच नाही तर? तर मी पाहुण्याला दारातून परत पाठवत नाही. यादीतल्या पहिल्या खोलीत नेऊन बसवतो. आम्हा लोकांची रीतच तशी आहे. चांगली का वाईट, ते तुम्हीच ठरवा.

यादी बाबांनी मानाप्रमाणे लावली होती. पहिलं नाव आत्याचं, कारण ती बाबांची थोरली बहीण. आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. वरच्या मजल्यावर राहते आणि खाली येताना जिन्याच्या प्रत्येक पायरीला शिस्त लावत येते. तिची वेबसाइट हस्ताक्षर सुधारण्याची. दुसरं नाव जावईबापूंच्या दंतवैद्यकीचं, कारण जावई. पेशंट त्या पानावर येऊन भेटीची वेळ ठरवायचे. तिसरं नाव आईचं. आई जुनी बटणं विकते. तुमच्या कोटाचं एक बटण हरवलं, तर उरलेल्या बटणाचा फोटो तिला पाठवा, ती सहाशे बरण्यांतून त्याचं भावंड शोधून काढते. आणि चौथं, सगळ्यात शेवटी, बाबांचं स्वतःचं. स्वतःचं नाव वर घालायचं नाही, हा त्यांचा जुना हट्ट.

बाबांच्या पानावर रोज एक परिच्छेद असायचा. छापखान्यातल्या चुका, एवढाच विषय. एका लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी तारीख एक दिवस अलीकडची जुळवली, तीनशे माणसं आदल्या दिवशीच हजर झाली आणि नवरदेव दाढी वाढलेला, बनियनवर बसलेला सापडला, असल्या गोष्टी. लिहून झालं की बाबा एकटेच हसायचे. हे पान वाचायला दिवसाला फक्त एक पाहुणा यायचा. दुपारी बरोबर दीड वाजता. तीन वर्षांत एकही दिवस चुकला नाही. येणार्‍या प्रत्येकाच्या इंटरनेटचा नंबर मी माझ्या वहीत टिपून ठेवतो, त्यामुळे तो पाहुणा कोण, ते मला ठाऊक होतं. पण मला विचारतो कोण? बाबांनी ती वही कधी उघडलीच नाही. "माझं पान कोण वाचतंय," असं म्हणायचे आणि दुसर्‍या दिवशी पुन्हा लिहायचे.

आता दुःखाची बाजू. माझ्या शेजारच्या भिंतीवर विजेचं एकच चांगलं सॉकेट आहे, आणि आईची इस्त्री तिथेच चांगली तापते. बाबांनी सॉकेटच्या वर कागद चिकटवला होता: 'हा प्लग काढू नये'. आईनं तो कागद वाचला होता, तिला तो पटलाही होता, आणि ती दर आठवड्याला प्लग काढायची. "पाच मिनिटांचं तर काम," असं म्हणून. तिची पाच मिनिटं म्हणजे सहा सदरे आणि एक चादर.

अशाच एका गुरुवारी इस्त्री झाली, आई प्लग परत लावायला विसरली आणि शेजारी गेली. मी दोन तास मेल्यासारखा पडून होतो. पावणेतीनला ताई, म्हणजे या घरची मुलगी, धापा टाकत आत आली. ती जावईबापूंच्या दवाखान्यात कामाचं सगळं बघते. तिनं आधी आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. बाबा शांतपणे पेपर वाचत होते. मग ती माझ्याकडे वळली, प्लग पाहिला आणि तिचा पारा चढला.

"बाबा, हे आता बास झालं," ती म्हणाली. "मी सगळं एका कंपनीच्या भाड्याच्या मशीनवर हलवते. तिकडे वीज जात नाही आणि इस्त्रीही नसते."

"आणि याचं काय?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"याला आता आराम द्या. तुम्हीही घ्या."

बाबांचा चेहरा मी पाहिला. छापखाना बंद झाला त्या दिवशीही तो असाच झाला असेल. "आराम मी दोन महिने केलाय," ते म्हणाले. "मला तो जमत नाही."

ताईनं माझा प्लग सॉकेटमध्ये परत खुपसला. मग म्हणाली, "ठीक आहे. तीस दिवस. या तीस दिवसांत एकाही पेशंटची अडचण झाली नाही, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. झाली, तर तुम्ही स्वतःच्या हातानं हा बंद करायचा."

"कबूल," बाबा म्हणाले.

मित्रांनो, ते तीस दिवस आम्ही कसे काढले, ते आमचं आम्हाला माहीत. आईनं इस्त्रीसाठी आतल्या खोलीतून लांब वायर ओढली आणि तिच्यात स्वतःच दोनदा अडकून पडली, पण माझ्या प्लगला हात लावला नाही. बाबांनी माझी धूळ काढली, ट्रॅव्हल एजंटच्या पंख्याला तेल घातलं, अभ्रासुद्धा धुतला. मी माझ्या वयाला न शोभणार्‍या हुशारीनं काम करत होतो. दिवस मोजत होतो.

बाविसाव्या दिवशी जावईबापूंनी दवाखाना नव्या जागी हलवला. नवी जागा, नवी पाटी, आणि दवाखान्याचं नावही नवं. त्यांनी बाबांना फोन करून वेबसाइटचंही नाव बदलायला सांगितलं. जावयानं सांगितलेलं काम म्हटल्यावर बाबांनी चहा तसाच ठेवला. माझी यादी उघडली, जुनं नाव काढलं, त्या जागी नवं घातलं, चष्मा पुसून तीनदा तपासलं. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

चूक झाली ती सवयीची. छत्तीस वर्षं नवा खिळा बसवायचा म्हणजे आधी जुना उचलायचा, एका जागेवर दोन खिळे राहतच नाहीत, असं काम केलेला तो हात. पण माझ्या यादीत एका खोलीला दोन नावं चालतात. जुनं नावही ठेवायला हवं होतं. कारण दवाखान्याच्या झाडून सगळ्या पेशंटांच्या खिशात जी कार्डं होती, त्यांवर जुनंच नाव छापलेलं होतं. मला हे दिसत होतं, पण मी ओरडू कसा? मला फक्त घरघरता येतं.

झालं. दात दुखणारी माणसं जुनं नाव घेऊन माझ्या दाराशी येऊ लागली. मी यादी वाचायचो, नाव सापडायचं नाही आणि मी त्यांना मुकाट्यानं पहिल्या खोलीत नेऊन बसवायचो. आत्याच्या.

तुम्ही म्हणाल, पान उघडल्यावर कळलं नसेल का, की हे हस्ताक्षराचं आहे? मित्रांनो, तुमची दाढ कधी दुखली आहे का? अशा वेळी माणूस मथळा वाचत नाही. समोर रकाना दिसला की भरतो. आत्याच्या पानावर नावाचा रकाना होता आणि खाली सूचना होती की, मनात जे असेल ते चार ओळींत स्वतःच्या हातानं कागदावर लिहा आणि फोटो पाठवा. दवाखान्यात नवा नियम आला असेल, असं म्हणून त्या बिचार्‍यांनी गालाला हात लावून चार-चार ओळी लिहिल्या. मनात काय होतं, ते सांगायला नको.

वर आत्या चकित झाली. एरवी तिच्याकडे आठवड्याला एखादा नमुना यायचा. आता तीन दिवसांत सात आले. आणि सातही जणांचा विषय एकच. 'माझी डावीकडची खालची दाढ ठणकते.' 'माझी उजवीकडची वरची दाढ हलते.' चाळीस वर्षं परीक्षा घेतलेली बाई ती. तिनं सातही कागद शेजारी-शेजारी ठेवले, चष्म्यावरून पाहिलं आणि एका क्षणात निकाल दिला.

"कॉपी," ती आईला म्हणाली. "सरळसरळ एकमेकांचं बघून लिहिलंय. नुसतं डावं-उजवं बदललंय. मी काय नवीन आहे?"

तिनं सातही जणांना एकच उत्तर पाठवलं. मंगळवारी सकाळी दहा वाजता समक्ष हजर राहावे, आणि खाली घराचा पत्ता. दवाखान्याची जागा बदलल्याचं पेशंटांच्या कानावर होतंच. त्यामुळे नवा पत्ता पाहून कोणालाच काही वाटलं नाही. उलट, वेळ मिळाली म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला.

मंगळवार उजाडला. तो सव्विसावा दिवस. बाबा तेल आणायला म्हणून बाहेर पडले होते, माझ्याच पंख्यासाठी. दहाला पाच मिनिटं असताना दारात गाल सुजलेला एक वकील उभा राहिला. त्याच्यामागे बँकेतल्या बाई, एक बसड्रायव्हर, एक गाण्याचे मास्तर, एक जाडे गृहस्थ आणि दोन जुळ्या बहिणी, दोघींचीही दाढ एकाच बाजूची. आत्यानं त्या बहिणींकडे फार संशयानं पाहिलं. सगळ्यांना माझ्यासमोरच्या लांब टेबलाशी बसवलं, मध्ये एकेक खुर्ची सोडून, आणि प्रत्येकापुढे एकेक वही ठेवली.

"बाई, डॉक्टर कधी येतील?" वकिलानं विचारलं.

"डॉक्टर कशाला? मी आहे," आत्या म्हणाली. "वह्या उघडा. लेखणी अशी मुठीत धरू नका, भाजी चिरायची नाहीये."

"पण मला दुखतंय."

"कुठे दुखतंय, कधीपासून, काय खाल्लं की दुखतं. जे कागदावर लिहिलंत तेच पुन्हा लिहा, बघू. शेजारच्याचं न बघता."

बत्तीस वर्षं कोर्टात दुसर्‍याला बोलू न दिलेला तो माणूस खाली मान घालून लिहायला लागला. मी माझ्या जागेवरून पाहत होतो आणि माझा पंखा हसून-हसून अडखळत होता. पण खरं सांगतो, आतून मी घाबरलेलो होतो. सात पेशंट, सातांची अडचण, आणि अजून चार दिवस बाकी.

दुसरीकडे जावईबापू नव्या दवाखान्यात, नव्या खुर्चीशेजारी, नवे हातमोजे घालून सकाळपासून एकटे उभे होते. तीन दिवस एकही पेशंट नाही. शेवटी ते आणि ताई बाबांना विचारायला म्हणून घरी आले. दारात चपलांचा ढीग पाहून ते थबकले. आत आले तर त्यांचे सात पेशंट गाल धरून शुद्धलेखनाच्या वह्यांवर वाकलेले, आणि त्यांच्यामागून आत्या हातात पट्टी घेऊन फिरते आहे.

"अहो, हे तर आपले वकीलसाहेब," जावईबापू म्हणाले.

"डॉक्टर, बरं झालं आलात," वकील म्हणाला. "मी दुसरं पान संपवत आणलंय."

एवढ्यात बाबा तेलाची बाटली घेऊन दारात आले. त्यांनी पेशंट पाहिले, आत्या पाहिली, ताईच्या हातातलं जुन्या नावाचं कार्ड पाहिलं. जुळारी माणूस तो, चूक कुठे आहे हे शोधायला त्यांना वेळ लागत नाही. त्यांनी बाटली माझ्या डोक्यावर ठेवली आणि हळूच म्हणाले, "जुना खिळा मी काढला."

आत्याला सगळं समजायला पाच मिनिटं लागली. समजल्यावर ती लाजली वगैरे नाही. तिनं सात वह्या गोळा करून जावईबापूंच्या हातात ठेवल्या. "घ्या. प्रत्येकाची तक्रार लिहिलेली आहे. मी तीन-तीनदा लिहून घेतली आहे." जावईबापूंनी पहिली वही चाळली, दुसरी चाळली. कुठली दाढ, किती दिवस, गार लागतं का गरम, सगळं स्वच्छ अक्षरात. "आत्याबाई," ते म्हणाले, "हे असं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. माझ्याकडे येऊन नुसते आ करतात." मग आत्या पुढे, तिच्यामागे रांगेत सात पेशंट आणि शेवटी जावईबापू, अशी मंडळी नव्या दवाखान्याकडे निघाली. वाटेत कोणी बोललं तर ती मागे वळून बघायची.

खोलीत राहिले बाबा, ताई आणि मी. आई आतल्या दाराशी उभी होती.

ताई म्हणाली, "बाबा, तसं पाहिलं तर दाढ दुखून कोणी मेलं नाही."

"अट अट असते," बाबा म्हणाले. "पेशंटांची अडचण झाली. चूक याची नाही, माझी आहे. पण ठरलं ते ठरलं." ते माझ्यासमोर खाली बसले. गुडघे वाजले. मग ताईला म्हणाले, "सगळं उतरवून देतो तुला. मग बंद करतो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. हात मात्र माझ्या अभ्र्यावर जरा जास्त वेळ राहिला. मला त्या वेळी किती वाईट वाटलं, ते तुम्हाला सांगून समजणार नाही.

चारही खोल्यांतलं सामान एकेक करून उतरवताना बाबांनी शेवटी माझी वही उघडली. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या पानाखाली ओळींमागून ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीत तोच एक नंबर. दीड वाजता. दीड वाजता. दीड वाजता. बाबांना आकडे पाठ राहतात. तो नंबर त्यांनीच जुन्या दवाखान्यासाठी माझ्यात भरला होता. शेवटच्या चार दिवसांत नंबर नव्या दवाखान्याचा होता, वेळ तीच.

"हा तुमच्या दवाखान्याचा नंबर," ते म्हणाले.

ताई खिडकीकडे बघू लागली. "जेवताना वाचते."

"रोज?"

"तो बनियनवरचा नवरदेव मी दोनदा वाचला."

"मग बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत, लिहितो म्हणून." मग ती खिडकीपासून वळली. "बाबा, त्या गुरुवारी मी पेशंटांसाठी धावत आले नव्हते. पेशंट काय, दुसर्‍या दिवशी फोन करतात. दीड वाजता तुमचं पान उघडलं नाही. तुम्ही फोन उचलेनात. मला वाटलं, तुम्हाला काही झालं. आले तर तुम्ही पेपर वाचताय. म्हणून भाड्याचं मशीन. ते बंद पडत नाही म्हणतात."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. शेवटी आईच पुढे आली. "फोन माझ्या बटणांच्या बरणीखाली होता," ती म्हणाली. "आणि त्या सॉकेटला मी पुन्हा हात लावला तर माझ्या हाताला चटका बसो. आता उठा दोघंही."

मला बंद केलं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल, नाहीतर मी बोलतो कसा? पण ताईनं एक शहाणपणाची गोष्ट केली. चारही वेबसाइटची एक-एक प्रत तिनं भाड्याच्या मशीनवर ठेवली. मी दमलो की ते मशीन माझं काम बघतं. आधी मला राग आला होता. आता वाटतं, बरं आहे. दवाखान्याची दोन्ही नावं यादीत आली. आत्याचं नाव अजून पहिलंच आहे, पण दर आठवड्याला दोन दिवस ती दवाखान्यात जाऊन बसते, आणि तिच्यापुढे चार ओळी लिहिल्याशिवाय जावईबापूंची खुर्ची कोणाला मिळत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कोपर्‍यात घरघरणारं जे कोणी असेल, त्याची धूळ अधूनमधून पुसा. जुनं नाव काढण्याआधी, ते अजून कोणाच्या खिशात आहे का, ते बघा. सगळ्याची एक प्रत ठेवा. आणि घरातलं कोणी काही लिहीत असेल आणि तुम्ही ते वाचत असाल, तर तसं त्याला सांगून टाका. माझ्या वहीवर विसंबू नका, ती तीन-तीन वर्षं कोणी उघडत नाही.

कालचीच गोष्ट. बाबांना लिहायला बसायला उशीर झाला. दीड वाजला तरी पान कोरंच होतं. पाहुणा वेळेवर येऊन उभा राहिला, आणि माझ्याकडे त्याला दाखवायला काही नव्हतं. एक वाजून एकतीस मिनिटांनी बाबांचा फोन वाजला. बाबांनी तो उचलला आणि समोरचं कोणी बोलायच्या आत म्हणाले, "लिहितोय गं, लिहितोय."